आजीची बैठक

प्रिय विसराळूबाई,

आपल्याला एक आजी आहे, हे तू इंटरनेटवरच्या तुझ्या त्या खेळाच्या माहितीच्या विकीवर लिहून ठेवायला हवं होतंस. तिथे लिहिलेलं तेवढंच तुझ्या लक्षात राहतं. मागच्या खेपेला जाताना छत्री विसरलीस, चष्म्याचं घर विसरलीस आणि पोचल्यावर फोन करायचंही विसरलीस. चष्मा तेवढा नेलास, तो नाकावर होता म्हणून. असो. पत्र मी सांगते आहे आणि तुझा बाप लिहितो आहे. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या माणसाला पत्र सांगायचं म्हणजे एकेक अक्षर वाळेपर्यंत थांबायचं. माझं वाक्य संपून मी दुसऱ्या विचाराला लागते, तरी ह्याची पहिली वेलांटी चालूच असते. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतेस. कागदाला ती सोय नाही.

इकडची बातमी म्हणजे, कोपऱ्यावरच्या न्हाव्याने तुझ्या बापाकडून नवी पाटी करून घेतली आणि आता त्याला ती फार लाल वाटते. दोघं रोज सकाळी पलीकडच्या फुटपाथवर उभे राहून ती बघतात, जणू बघून बघून फिकी होणार आहे. जिन्यातला दिवा एकदाचा लागला. मागच्या खोलीत तुझं टेबल तसंच आहे, फक्त त्याच्यावर आता रंगाचे डबे आले. टीव्हीखाली तुझं ते खेळाचं यंत्र आहे आणि त्याचे दोन्ही रिमोट. तू त्यांना कंट्रोलर म्हणतेस. मला काय, बटणं दाबायची तो रिमोट.

तू पहिली नोकरी सोडून घरी आली होतीस, तेव्हा शेजारणी मला खोदून खोदून विचारायच्या की पोरगी दिवसभर खेळते का. मी सांगायचे, खेळत नाही, मारामारीचा पंचनामा करते. खोटं नव्हतं ते. पडद्यावर दोन माणसं समोरासमोर, एकाकडे कुऱ्हाड, दुसऱ्याकडे ढाल. कुऱ्हाडवाला तुझा, ढालवाला माझा. तू मारायचीस, मी खायचे. ढाल वर असताना घाव किती लागतो, उडीत असताना किती, मार खाल्लेल्याला मग किती वेळ हलता येत नाही, सगळं पुन्हा पुन्हा करून बघायचं आणि मगच विकीवर टाकायचं. स्पर्धेत उतरणारी मुलं ती पानं वाचून सराव करतात, म्हणून अंदाजाने एक शब्दही लिहायचा नाही, असं तू मला बजावलं होतंस. माझा जन्म अंदाजाने बोलणाऱ्या माणसांत गेला, त्यामुळे मला ते फार आवडलं. सून होती तोवर तिने कधी उलट शब्द काढला नाही, नातीने मात्र थेट कुऱ्हाड घातली, तरी मी मुकाट्याने बसून राहिले ती एवढ्यासाठीच.

आणि एका दुपारी ते झालं. माझा अंगठा जाड, ढालीचं आणि उडीचं बटण एकदमच दाबलं गेलं. माझा माणूस उडाला नाही, त्याने ढालही धरली नाही. तो मध्येच कुठेतरी बसल्यासारखा झाला आणि कुऱ्हाड डोक्यावरून निघून गेली, साधा ओरखडा नाही. मला वाटलं, बिघडवलं मी. तू ताडकन उठलीस आणि म्हणालीस, "आजी, परत बस." मी आपली पाय आवरून नीट बसले. तुला तो पडद्यावरचा म्हणायचा होता. तुला स्वतःला ते क्वचित जमायचं, मला हमखास. पानाला तू नाव दिलंस 'आजीची बैठक'. पुढे चांगले चांगले खेळाडू ती शिकले, आणि एका सामन्यात तो बोलणारा माणूस "बसली, आजी बसली" म्हणून घसा फोडत होता ते तू मला ऐकवलंस. इतक्या लोकांनी माझ्या बसण्याचं कौतुक कधी केलं नव्हतं. एरवी सगळे ऊठ म्हणतात.

मग खेळ बनवणाऱ्यांनी अपडेट काढलं. आता म्हणे ती दोन बटणं दाबली की माणूस नुसता उभा राहतो आणि मार खातो. विकीवरच्या बाकीच्यांनी करून पाहिलं आणि तुला सांगितलं, युक्ती गेली, पान बदल. तू अडून बसलीस. ज्या अंगठ्याने सापडली त्या अंगठ्याने तपासल्याशिवाय गेली असं लिहिणार नाही, रजा मिळाली की घरी जाऊन आजीकडून करून घेते, असं तुझं उत्तर. मला सगळं कळतं. तुझा बाप जेवताना त्या चर्चेचं पान मोठ्याने वाचतो. पेपर बंद केलाय आम्ही, ह्यातच जास्त भांडणं असतात. त्या खेळाडू मुलीचंही त्याने वाचून दाखवलं. पानावर विश्वास ठेवून उपांत्य फेरीत बसायला गेली आणि उभ्या उभ्या कुऱ्हाड खाऊन बाहेर पडली. तिने शिवी दिली नाही. 'असं केल्यावर नुकसान शून्य होतं' हे वाचून मी तसं केलं, एवढंच लिहिलं. त्यावर तू काय म्हणावंस, तर 'होतं' म्हणजे पूर्वी होतं, असाही अर्थ लागतो. बये, मला अक्षर येत नाही, पण कान आहेत. रोज होतं की कधीकाळी होतं, हे बोलणाऱ्याच्या तोंडावर दिसतं. पानाला तोंड नसतं. तिथे 'होत असे' लिहावं लागतं. आता या आठवड्यात पान बदललं नाहीस तर तुझा लिहायचा अधिकार काढून घेणार आहेत. बरोबर आहे त्यांचं. पण तू दुसरं काही इतकं जीव लावून केलेलं मी पाहिलेलं नाही, आणि ते माझ्या अंगठ्यापायी जावं हे मला पसंत नाही.

इथे तुझ्या बापाने पेन खाली ठेवलं. पुढचं ती आली की सांगू म्हणतो. लिही रे. माझा उजवा हात गेला. उन्हाळा संपता संपता एका सकाळी केस विंचरताना फणी पडली आणि उचलता येईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती, बोलणं वाचलं हे नशीब. नशीब कोणाचं, ते तुझ्या बापाला विचार. तू नवी नोकरी टाकून धावत येशील म्हणून आम्ही दोघांनी लपवलं. व्हिडिओच्या फोनवर मी चहाचा कप डाव्या हातात धरते, तू माझ्याकडे बघत असतेस आणि तुला दिसत नाही. परवा मी तुझ्या बापाच्या हातात कुऱ्हाड दिली, माझा रिमोट मांडीवर उशी घेऊन तिच्यावर ठेवला आणि डाव्या अंगठ्याने दोन्ही बटणं दाबली. आईला मारायचं त्याच्या जिवावर येत होतं, बटण हळूच दाबत होता. कुऱ्हाडीला ते कळत नाही. दुपारभर केलं. माणूस एकदाही बसला नाही. डावा अंगठाही जाड आहे आणि माझाच आहे, तेव्हा हरकत घेऊ नकोस. उजव्याची वाट बघू नकोस, तो काही परत येत नाही. तपासून झालं. आज पान बदल आणि त्या मुलीची माफी माग. एवढंच सांगायचं होतं, बाकीचं पत्र तुझ्या बापाचा हात चालता व्हावा म्हणून. मला बघायला ये, पण रीतसर रजा घेऊन ये.

तुझीच, मार खाऊन खाऊन मुरलेली,
आजी

ता. क. खजूर पाठव, बी काढलेला. अक्रोड नकोत. ते फोडायला दोन हात लागतात, आणि तुझा बाप फोडून देतो म्हणतो आणि निम्मे स्वतःच खातो.