हुरावीत कोण राहणार

४ ऑगस्ट, सोमवार

‘व्यवहार्य नाही.’

हे मी लिहिलं. आज दुपारी, जेवून उठल्यावर, अंगणातल्या खाटेवर लॅपटॉप मांडीवर घेऊन. दोन शब्द, पुढे पूर्णविराम. हुरावीचा निकाल लागला.

हुरावी म्हणजे शिफाच्या – तिकडच्या सरकारातून माझ्याबरोबर हे काम बघणाऱ्या मुलीच्या – देशातलं सगळ्यात लहान वस्तीचं बेट. शंभर घरंसुद्धा नाहीत. वीज डिझेलच्या जनरेटरवर, डिझेल बोटीने. समुद्र खवळला की बोट नाही, बोट नाही की अंधार. त्यांच्या सरकारला सगळ्या बेटांवर सौर वीज आणायची आहे आणि कुठल्या बेटाला काय परवडेल याचा हिशोब आमच्या बेलापूरच्या ऑफिसात होतो. हुरावी माझ्या वाट्याला आलं. दर घरामागचा खर्च इतका येतो की मी स्वतःच तीनदा तपासला. त्यापेक्षा लोकांना शेजारच्या मोठ्या बेटावर घरं बांधून देणं स्वस्त! मग अहवालात असंच लिहायचं असतं.

या नोकरीला दुसरं वर्ष लागलंय. वाटलं होतं, मी लोकांना वीज देणार.

९ ऑगस्ट, शनिवार

बांध फुटला.

नारळी पौर्णिमेचं उधाण, त्यात वारा. दुपारची भरती चढत गेली आणि उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराच्या, बाजूने पाणी आत घुसलं. बाबा आणि आळीतले सगळे दगड-माती घेऊन धावले, पण खाडी एकदा आत आली की कोणाचं ऐकते? आमचं, शेजारच्या सदाकाकांचं, सगळ्यांचंच भात खाऱ्या पाण्याखाली. महिन्यापूर्वी लावणी केली होती. मी बांधावर उभी होते. हिरवं शेत डोळ्यांदेखत तपकिरी झालं.

मितेशदादा राखीसाठी कळंबोलीहून आला होता. चिखलाने भरलेल्या हातालाच मी राखी बांधली. हात धुवायच्या आधीच तो सुरू झाला. ‘आता बास झालं. कळंबोलीला चला दोघं. माझे दोन ट्रक आहेत, घर आहे, काय कमी आहे?’

बाबा पायाचा चिखल खरवडत बसले. मग मीच बोलले. बाबांना इथून उपटून नेशील तर ते दोन महिन्यांत संपतील, म्हणाले. तो म्हणाला, ‘तुला काय, तू आज इथे, उद्या बेलापूरला.’ मी म्हणाले, तू तर गेलासच! आवाज चढले. आई ताटं वाढत होती. नारळीभात कोणालाच गोड लागला नाही.

११ ऑगस्ट, सोमवार

पाणी उतरलं. भात पिवळं पडायला लागलंय. बाबा तरी रोज जाऊन बघून येतात.

१३ ऑगस्ट, बुधवार

शिफाशी व्हिडिओवर बोलले. ती त्यांच्या ऊर्जाखात्यात आहे, माझ्याच वयाची, हुरावीसारख्याच एका बेटावर जन्मलेली. मी तिला बांधाचं सांगितलं. आमचं शेत, म्हणजे खार, भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे, आजोबा-पणजोबांनी बांध घालून ते खाडीकडून घेतलंय, हे तिला आधी खरंच वाटेना. मग हसली. म्हणाली, ‘म्हणजे तूही बेटावरच राहतेस की! फक्त तुझं बेट उलटं आहे.’

मग मी विचारलं, जे दोन महिन्यांपूर्वीच विचारायला हवं होतं – हुरावीच्या लोकांचं काय म्हणणं आहे?

‘पाहणी झाली आहे. घरटी एकाला विचारलं. जवळजवळ सगळे म्हणाले, राहायचंय.’

मग आपण त्यांना हलवतोय कशाला?

ती म्हणाली, ‘कारण तू लिहिलंस, व्यवहार्य नाही.’

१४ ऑगस्ट, गुरुवार

सकाळपासून नवीन मांडणी. प्रत्येक घराला मोठी वीज द्यायची, असं धरून मी हिशोब केला होता. पण आधी गरज कशाची? पिण्याचं पाणी गोडं करायचं यंत्र, माशांसाठी बर्फ, दवाखान्यातला फ्रीज. घरात दिवे आणि पंखा. पॅनेल शाळेच्या आणि मशिदीच्या छपरावर, बॅटरी सगळ्यांची मिळून एक. खर्च निम्म्यावर येतो!

होतंय. होऊ शकतं. बाबांना सांगितलं तर म्हणाले, ‘त्यांच्यात पन बांध हाय का?’ नाही म्हटलं. ‘मंग ते आपल्यापेक्षा धीराचे.’

२० ऑगस्ट, बुधवार

बेलापूर. एसटी पनवेलपर्यंत, तिथून पुढे रिक्षा-लोकल असं करत पोचले, पाय दुखतायत. क्रांती मॅडमनी नवी मांडणी शांतपणे वाचली. माझ्या वरिष्ठ, कधी आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते. म्हणाल्या, ‘हिशोब चांगला आहे. पण यात तुझं गाव मध्ये आणू नकोस.’

‘गाव मध्ये आहेच, मॅडम. म्हणून तर दिसलं.’

त्या हसल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत. निर्णय घेणाऱ्या, शिफाच्या सरकारच्या समितीची बैठक १९ सप्टेंबरला. तिथले अधिकारी लोकांना हलवायच्या बाजूचे आहेत, घरटी एकाच्या मताला किंमत देणार नाहीत म्हणाल्या. मग मीच सुचवलं, पुन्हा विचारू. प्रत्येक मोठ्या माणसाला, वेगवेगळं बसवून. बायांनासुद्धा. एकदा सगळ्यांनी तोंडाने सांगितलं की राहायचंय, मग कोण काय बोलणार?

शिफा लगेच तयार झाली. स्वतः जाणार आहे हुरावीला. बोटीला एक दिवस लागतो.

२८ ऑगस्ट, गुरुवार

दीड दिवसाचे गणपती गेले. दादा, हेमालीवहिनी दोघं होती. बांधाचा विषय कोणी काढला नाही, शेवटी दादानेच काढला. त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर एक घर रिकामं होतंय. बाबा म्हणाले, ‘मी तिकडं करू काय? तुजं ट्रक मोजत बसू?’ सगळे हसले. मीही. दादा पण हसला शेवटी.

मला खूप हलकं वाटलं. हे घर कुठे जात नाही.

८ सप्टेंबर, सोमवार

शिफाचा फोन. बेटावरून परत आली.

पुरुष म्हणतात, राहायचंय. बाया म्हणतात, जायचंय.

सगळ्याच नाही, पण बऱ्याच जणी. त्याच घरातल्या! नवरा राहायचं म्हणतो, बायको आतल्या खोलीत शिफाला हळूच सांगते – जायचंय. एकीची मुलगी बोटीची वाट बघता बघता गेली. ताप होता, समुद्र खवळलेला, बोट आली नाही. ती बाई म्हणाली, मला बोटीचा तो धक्का रोज दिसतो, पाण्याला जाताना, येताना.

दुसरी म्हणाली, ‘वीज आणताय ते बरं आहे. पण मग तुम्ही म्हणाल, वीज दिली ना, आता राहा.’

मी चिडले. शिफावरच! प्रश्न कसा विचारलास, तूच सुचवलं असशील, असलं काहीतरी बोलले. ती म्हणाली, ‘मृणाली, मी फक्त विचारलं. उत्तर तुला आवडलेलं नाही.’ आणि फोन ठेवला.

बरोबर आहे तिचं. माफी मागायला हवी.

९ सप्टेंबर, मंगळवार

मागितली. ‘मलाही नव्हतं आवडलं,’ म्हणाली.

१० सप्टेंबर, बुधवार

आई मागच्या पडवीत करंदी, बारकी कोलंबी, सोलत होती. मी शेजारी बसले, सोलू लागले. माझ्या हातून होतो चिकट लगदा, तिच्या हातून एकेक अख्खी. तिला हुरावीच्या बायांचं सांगितलं. तिने सगळं ऐकलं, मान वर न करता. मग मी विचारलं. सहजच विचारलं, शपथ. आई, तुला काय वाटतं? कळंबोलीला जायचं का?

हात थांबले तिचे.

‘मना कोनी इचारलंय कवा?’

मग बोलली. एवढं सलग बोलताना मी तिला ऐकलेलं नाही. मितेशच्या वेळेला ती दिवसांत होती तेव्हा बांध फुटला होता. रात्रभर माळ्यावर बसून काढली, खाली घरात पाणी. तेव्हापासून प्रत्येक उधाणाला तिला झोप नाही. आम्ही झोपतो, बाबा घोरतात, ती उठून दारापाशी पाण्याचा कानोसा घेते. ‘तुज्या बापाचा जीव हाय या खारात. माजा नाय. मना कोरड्यात र्‍हायाचं हाय गो.’

मग बोलली का नाहीस?

‘राखीच्या दिसाला तुमी भाव-भयनी माज्याच वाटचं भांडत व्हतं ना. मी कवा बोलू? मी ताटं वाढत व्हते.’

करंदी सोलून झाली. उठून गेली हात धुवायला. मी तिथेच बसून राहिले.

बाबांच्या वतीने मी सगळं बोलत होते. त्यात आई धरलेलीच होती. हुरावीत घरटी एकालाच विचारणं पुरेसं नाही म्हणून मी केवढ्या तावातावाने बोलले होते क्रांती मॅडमपुढे. आमच्या घरात तर तेवढंही नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा लिहिलं. जे राहतील त्यांना लहान वीजव्यवस्था. जे जातील त्यांना मोठ्या बेटावर घर. एकाच्या बदल्यात दुसरं काढून घ्यायचं नाही. घरातलं एक माणूस गेलं आणि एक राहिलं तरी दोघांना आपापलं मिळायला हवं. बोटीची सोय दोन्हीकडे.

मॅडमचा फोन. ‘समितीला एक उत्तर लागतं, मृणाली.’

‘एक उत्तर नाहीये, मॅडम. होतं असं वाटलं, कारण घरटी एकालाच विचारलं होतं.’

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज. मग, ‘ठीक आहे. हे वाक्य पहिल्या पानावर घाल.’

१९ सप्टेंबर, शुक्रवार

बैठक झाली. ऑनलाइन, आमची लाइट दोनदा गेली, शेवटी मोबाइलवरून ऐकलं. एका अधिकाऱ्याने विचारलं, ‘कोणी राहायचं आणि कोणी जायचं हे ठरवणार कोण?’ शिफा म्हणाली, ‘ज्याचं त्याने. जिचं तिने.’

वीज मंजूर. घरांचं पुढच्या वर्षी, आणि तेही ‘निधी उपलब्ध झाल्यास’. म्हणजे बायांना थांबावं लागणार. त्या आधीपासून थांबल्याच आहेत. अर्धंच झालं. पण ‘व्यवहार्य नाही’ गेलं, खोडलं मी स्वतःच्या हाताने.

बैठक संपल्यावर शिफा फोनवर थांबली. त्यांच्या खात्यात दोन वर्षांची जागा आहे. बेटाबेटांवर राहून हेच काम, हुरावीपासून सुरुवात. ‘ये ना,’ म्हणाली.

नाही म्हणणार अर्थात. बाबा, बांध, हे सगळं टाकून मी कुठे जाणार?

२५ सप्टेंबर, गुरुवार

आईने बाबांना सांगितलं. मी समोर नव्हते, नळावर होते. परत आले तेव्हा बाबा बांधाकडे चालत निघालेले दिसले, छत्री न घेता.

जेवायला आले. भाकरी मोडली. म्हणाले, ‘कती दिस?’

आई म्हणाली, ‘बघू.’

‘बघू,’ बाबा म्हणाले.

भांडण नाही, रडारड नाही. मला वाटलं होतं आभाळ कोसळेल. बाबांनी तिच्या ताटात आमटी वाढली. हे मी कधी पाहिलेलं नव्हतं.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आई गेली. दसरा इथे करून मगच निघाली. दादा गाडी घेऊन आला होता, आईची पिशवी अशी उचलत होता की जणू त्याचीच चूक आहे. इतकी वर्षं ‘चला’ म्हणत होता, आणि आज आई चालली तर त्याचे डोळे भरलेले! हेमालीवहिनीने आईला पुढच्या सीटवर बसवलं.

बाबा पहाटेच तळ्यावर गेले होते. त्यांनी मोठा जिताडा पकडून आणला, केळीच्या पानात बांधून आईच्या मांडीवर ठेवला. ‘तिकडं असा मिलायचा नाय.’ आई म्हणाली, ‘मंग आनून देत जावा.’ बाबा हसले. आईही.

गाडी वळणावर गेल्यावर बाबा फावडं घेऊन बांधाकडे गेले. पौर्णिमा संपली की मोठ्या भगदाडाचं काम काढायचं म्हणत होते सदाकाका. मी घरात आले. घर एवढं मोठं होतं का? शिफाला ‘नाही’ म्हणायचं अजून राहिलंय.

६ ऑक्टोबर, सोमवार

बाबांनी भात टाकला. जमला नाही, चिकट झाला. ‘शिकंन,’ म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, ‘तू तं हायस ना हितं.’

‘हो,’ म्हटलं.

सकाळी शिफालाही ‘हो’च कळवलंय, दोन वर्षांसाठी.