पर्नेलकाकांची भिंत

डेव्हियन,

शाळा, कॉलेज, तुर्कस्तान, आता पोलंड. इतकं बास्केटबॉल खेळूनही ‘एनबीएत, अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या लीगमध्ये, न पोचलेल्याला आपल्या फ्लिंट गावात कोण विचारतं’ म्हणून दोन उन्हाळे तू घरी आला नाहीस. म्हणून शनिवारी मी तुझा फोटो घेऊन पर्नेलकाकांच्या सलूनमध्ये गेले. त्यांच्या भिंतीवर फक्त एनबीएवाल्यांचे फोटो असतात.

“पोलंड? तिथं बर्फात खेळतात का गं?” काका म्हणाले. सगळे हसले.

मी वाद घातला नाही. फोनवर तुझा सामना लावला. बास्केट झाली की आधी छातीवर मूठ, मग पास देणाऱ्याकडे बोट, ही शिस्त तुझ्या शाळेत प्रशिक्षक असताना काकांनीच तुम्हाला लावलेली. पडद्यावर तुझे पोलिश सोबती छातीवर मूठ ठेवून तुझ्याकडे बोट दाखवत होते.

काकांनी केस कापायचं मशीन बंद केलं. “हे त्यांना कुणी शिकवलं?”

“आपल्या पोरानं.”

“मग बघत काय बसलीस? हातोडा दे!”

खिळा काकांनी ठोकला, फोटो मी लावला; किंचित डावीकडे कललाय. मोजून सरळ लावला असता, पण तेव्हा मला नीट दिसत नव्हतं.

हे पत्र पाठवणार नाही. फोनवर एवढंच सांगेन: केस फार वाढलेत तुझे, घरी येऊन काकांकडून कापून घे.

तुझी ताई, रेनिता