लाल टू-सीटर कोणाची, आणि आधी दुरुस्ती कशाची

मी, वय सव्वीस, मेकॅनिकलची पदवीधर (आमच्या घरातली पहिली, हे आईच्या आग्रहाने लिहिलं आहे), पंपांच्या कारखान्यात तपासणीच्या कामावर असलेली, आज शुक्रवारी दुपारी पूर्ण शुद्धीत आणि खरं सांगायचं तर भलत्याच आनंदात हे मृत्युपत्र लिहीत आहे. मला कसलाही आजार नाही. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही. आमच्या मोटर क्लबचा नियम आहे की घाटातल्या चढाईच्या शर्यतीत उतरणाऱ्या प्रत्येकाने अर्जासोबत बंद पाकिटात मृत्युपत्र द्यायचं. शर्यत धडपणे संपली की पाकीट न उघडता परत मिळतं. बहुतेकजण एकच ओळ लिहितात: 'सगळं बायकोला.' मला बायको नाही, आणि लिहिण्यासारखं पुष्कळ आहे. परवा माझी पहिली चढाई आहे!

१. बँकेत जे असेल ते आईला. त्यातून तिने गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यावं. 'माझं मेलीचं काय अडलंय' म्हणत नातेवाइकांना वाटत बसू नये.

२. माझा टॉर्कचा पाना बाबांना. बाबांनी तीस वर्षं लेथ चालवला आणि नट किती आवळायचा हे 'हाताला कळतं' असं ते म्हणतात. बाबा, हाताला कळत नाही. म्हणूनच डाव्या चाकाच्या दोन बोल्टांचे आटे गेले. मी तेव्हा बोलले नाही, आता बोलते.

३. कॉलेजातल्या वर्कशॉपच्या सरांनी 'मुलींनी ड्रॉइंगला बसावं, हात काळे करून काय मिळतं?' असं भर वर्गात विचारलं होतं. त्यांना माझा ग्रीसने माखलेला डांगरीचा पोशाख द्यावा. धुऊ नये.

४. गाडीच्या तळाला गंज असताना त्यावर रंग फासून 'ताई, नवी कोरी!' म्हणणाऱ्या पेंटरला तारेचा ब्रश. कसा वापरायचा ते त्याला दादा दाखवेल.

५. आता गाडी. लाल, उघडी, दोन सीटांची, वय चौतीस, म्हणजे माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. ती दातांच्या डॉक्टरीणबाईंची होती. आई त्यांचे पांढरे कोट इस्त्री करायची. मला पदवी मिळाली त्या आठवड्यात बाईंनी किल्ली आणि गाडीचं जुनं पुस्तक माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, "मला आता क्लच दाबवत नाही. तू निदान वाचून तरी चालवशील."

आईने गाडीभोवती एक फेरी मारली. "दोनच सीटा? मग आम्ही काय टपावर बसायचं?"

"हिला टपच नाही, आई."

"पसाराच आणलास म्हण की घरात."

त्या पसाऱ्याचं इंजिन आठ महिन्यांनी पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा आईच टाळ्या वाजवत होती. मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या पुढे त्या इंजिनाचा आवाज जो बदलतो, तो ऐकला की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

ही गाडी मी माझ्या थोरल्या भावाला, दादाला, कोणतीही अट न घालता देते. त्याला मागे शर्यतीच्या गाड्यांना असतो तो हास्यास्पद पंख बसवायचा असेल तर खुशाल बसवावा, पण सगळ्यात शेवटी.

६. कारण क्रम महत्त्वाचा आहे. जुन्या गाडीत एकाच वेळी पन्नास गोष्टी दुरुस्तीला आलेल्या असतात आणि आपल्याकडे फक्त रविवार असतो. म्हणून: आधी थांबणं. ब्रेकच्या रबरी नळ्या, ब्रेक ऑइल, मग पॅड. त्यानंतर वळणं: टायर (नक्षी बघू नये, बनवल्याची तारीख बघावी), स्टिअरिंगचे सांधे, बुश. मग जळण्याची आणि उकळण्याची भीती, म्हणजे पेट्रोलची नळी, वायरिंग, रेडिएटर. तळाचा गंज. सीट आणि पट्टे. एवढं झाल्यावर पळणं, म्हणजे कार्ब्युरेटर, एक्झॉस्ट आणि काय ती हौस. दिसणं शेवटी. ज्याला गाडी थांबवता येत नाही त्याने ती पळवू नये.

ही यादी क्लबच्या भिंतीवर लावलेली आहे. नवे सभासद तिचे फोटो काढतात. खाली माझं नाव आणि पदवी आहे. ते नाव चुकीचं आहे. यादी दादाची आहे.

७. दादाने दहावीनंतर शाळा सोडली, कारण बाबांचा कारखाना बंद पडला होता आणि दोघांपैकी एकालाच शिकवता येणार होतं. तेव्हापासून तो टायरच्या दुकानात आहे. गेल्या वर्षी सरावाच्या आदल्या दिवशी तो ब्रेकवर पाय ठेवून म्हणाला, "पेडल उशिरा सुटतंय, इंजिनीअरबाई. नळ्या आतून सुजल्यात. कार्ब्युरेटर राहू दे, आधी नळ्या बदलू."

मी नळ्या बघितल्या. वरून गुळगुळीत होत्या. मी त्याला दुरुस्तीच्या क्रमाचा माझा तक्ता दाखवला. त्यात नळ्या सातव्या नंबरवर होत्या. "दादा, अंदाजाने काम होत नाही," असं मी त्याला म्हणाले. मीच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी, नवे दोन कार्ब्युरेटर लावलेली गाडी काय सुंदर पळाली! तिसऱ्या वळणावर मी ब्रेक दाबला. उजव्या चाकाची नळी आतून बुजलेली होती, ब्रेक फक्त डाव्याला लागला आणि गाडी डावीकडे टायरांच्या भिंतीत घुसली. दादा शेजारी होता. त्याचं खांद्याचं हाड मोडलं. मला खरचटलंही नाही. माणसं धावत येईपर्यंत त्याने मला बाहेर काढलं होतं आणि तो स्टिअरिंगच्या बाजूला उभा होता. "मी चालवत होतो," तो म्हणाला. मी गप्प बसले. क्लबने त्याचा शर्यतीचा परवाना दोन वर्षांसाठी काढून घेतला. चिटणीस मला म्हणाले, "भावाला जरा शिकवा तुमच्यातलं काही." तेव्हाही मी गप्प बसले.

तरी मी याद्वारे जाहीर करते की गाडी मी चालवत होते, चूक माझी होती, आणि दादा बरोबर होता.

८. इथवर लिहिलं आणि दादा जेवायला आला. त्याने माझ्या खांद्यावरून वाचलं.

"खोड ते."

"नाही खोडणार."

"अगं, हे वाचणार कधी? तू मेल्यावर! मग मी काय तुझ्या नावाने रडत रडत घाट चढू? तुझं ओझं उतरवायला मरायची वाट कशाला बघतेस?"

तो चेष्टेत म्हणाला आणि पानावर बसला. मी मात्र कलम सात पुन्हा वाचलं. मी किती सोयीची जागा शोधली होती! जिवंतपणी यादीखाली माझं नाव, आणि खरं ते बंद पाकिटात, क्लबच्या कपाटात, कुलपात.

म्हणून कलम सातपुरता हा बदल: ते माझ्या मरणानंतर नव्हे, आजच अमलात यावं. मी हे कागद क्लबमध्ये उघडे घेऊन जाईन आणि चिटणिसांसमोर उभी राहून मोठ्याने वाचेन. माझा परवाना जाईल. जाऊ दे. दादाचा परत द्या असं मी लेखी मागणार आहे. परवा देतील की नाही, ठाऊक नाही. परवा गाडी सुरुवातीच्या रेषेवर मी नेणार नाही एवढं ठाऊक आहे. तिथे दादा असला, तर मी तिसऱ्या वळणावर उभी राहीन आणि घसा बसेपर्यंत ओरडेन.

विचित्र आहे, पण मला लिहायला बसले तेव्हापेक्षाही जास्त आनंद झाला आहे. अक्षर वाईट आल्यास तेच कारण समजावं, दबाव नव्हे.

सही: मी स्वतः.

साक्षीदार पहिले: टायरच्या दुकानाचे मालक. साक्षीदार दुसऱ्या: दातांच्या डॉक्टरीणबाई. दादा लाभार्थी असल्याने त्याची सही चालत नाही. तो चिडून बाहेर बसला आहे. दोन्ही साक्षीदारांनी सगळं वाचून सही केली, त्यामुळे आता मला मागे फिरता येणार नाही.

स्थळ: आमचं स्वयंपाकघर. शुक्रवार, दुपारचे साडेतीन. क्लब पाचला बंद होतो.