कमरेच्या पिस्तुलाबाबत लेखी खुलासा मिळावा

३ फेब्रुवारी, सोमवार
आजपासून दोन संकल्प. चहात साखर बंद. देवांगशी वाद बंद, निदान महिनाअखेरपर्यंत. टेस्ट लीडची, म्हणजे सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टीमच्या प्रमुखाची जागा तोवर जाहीर होईल आणि ती माझीच आहे. या कंपनीत माझ्याइतके बग कुणी काढलेले नाहीत. डिग्री नाही, सगळं पुस्तकांतून स्वतः शिकलो. मॅनेजर देवांग एम. एस. आहे. ईमेलमध्ये स्वल्पविराम कुठे द्यायचा ते कळत नाही, पण एम. एस. आहे.

दुपारी ऑफिसच्या किचनमध्ये आमच्या टीममधला काईल फ्रीजमधून दूध काढायला वाकला. शर्ट वर सरकला. कमरेला काळं, चौकोनी काहीतरी. पिस्तूल! शंभर टक्के. पिस्तूल मी जवळून पाहिलेलं नाही, पण निरीक्षण हा माझा धंदा आहे.

४ फेब्रुवारी, मंगळवार
इथे अमेरिकेत परवाना असला की पिस्तूल बाळगता येतं, पण ऑफिसात कंपनीचा नियम काय? हँडबुक पहिल्या पानापासून वाचून काढलं. मायक्रोवेव्हमध्ये मासे गरम करू नयेत यावर आख्खा परिच्छेद (तो कुणासाठी लिहिलाय ते कळतं मला). शस्त्रांबद्दल एकच ओळ: स्वतंत्र पॉलिसी पाहा. लिंक दाबली. लिंक मेलेली! इतक्या वर्षांत कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण इथे कुणी वाचतच नाही.

घरी बायकोला, नीनाला सांगितलं. ती म्हणाली, अहो, त्या काईललाच विचारा ना सरळ. बायकांना प्रोसेस कळत नाही. तोंडी उत्तराला काय किंमत? उद्या नाकबूल होतील. लेखी हवं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
एचआरच्या हेदरला ईमेल पाठवला. काईलचं नाव घातलं नाही. चहाडी आमच्या घराण्यात नाही. म्हणून सगळे प्रश्न 'समजा मी' धरून लिहिले, शाळेत गणितं घालतात तसे. समजा मी परवाना काढून कपड्याखाली पिस्तूल लावून आलो, तर चालेल का? समजा मी ते गाडीत ठेवलं, तर? दारात बॅगा तपासतात का? गार्ड जेवायला जातो तेव्हा त्याच्या जागी कोण असतं? विषय: तातडीचे. भाषा निर्दोष. पाठवण्याआधी मोठ्याने वाचून दाखवला तर नीना म्हणाली, हे तुम्ही नका पाठवू. पण तिचं इंग्रजी माझ्याइतकं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार
उत्तर नाही. पण परिणाम दिसतोय. गार्ड आता आमच्या मजल्यावर चकरा मारतो. म्हणजे माझी सूचना वरपर्यंत गेली. देवांग आपणहून गुड मॉर्निंग म्हणाला! डोनटही घेऊन आला, माझ्या टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरकला. मोरेश्वरभाई, सब ठीक है ना, म्हणाला. गेल्या दिवाळीला लेकाचा शुभेच्छा द्यायला विसरला होता. लीडच्या पदाचा वास लागला की माणसं अशी लाळ घोटतात. डोनट खाल्ला. साखरेचा संकल्प चहापुरता होता.

११ फेब्रुवारी, मंगळवार
हेदरला रिमाइंडर. देवांगला सीसी. शेवटचं वाक्य: शुक्रवारपर्यंत उत्तर न आल्यास मला माझ्या पातळीवर निर्णय घ्यावा लागेल. म्हणजे, नियम अस्तित्वात नाही असं गृहीत धरावं लागेल. नम्र, पण ठाम.

१२ फेब्रुवारी, बुधवार
मीटिंगमध्ये काईलची कंबर बीप बीप वाजली. इन्शुलिनचा पंप निघाला. डायबेटिस आहे त्याला, लहानपणापासून.

ठीक आहे. माणूस चुकीचा निघाला म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही.

नीना म्हणाली, मग आता कळवा त्यांना आणि मिटवून टाका. मी म्हटलं, नियम कुठे कळलाय अजून? ती म्हणाली, तुम्हाला पिस्तूल हवंय का उत्तर? म्हटलं, उत्तर. तर म्हणते, पिस्तूल न्यायचंच नाही, मग नियम काही असो, तुम्हाला काय फरक पडतो! अशा बेफिकिरीनेच सॉफ्टवेअरमध्ये बग राहतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
माझ्या रांगेतले सगळे आज वर्क फ्रॉम होम. किचनमध्ये गेलो की बोलणं थांबतं. दरारा आहे. शांततेत काम छान झालं.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
आलं! सोमवारी मीटिंग, मी, हेदर आणि देवांग, मोठ्या कॉन्फरन्स रूममध्ये. पगारवाढ, नवं पद वगैरे तिथेच सांगतात. टाय इस्त्रीला काढला. केरी गावातल्या देशी दुकानातून पेढे आणले. नीना म्हणाली, आधी ऐकून तर घ्या. हिच्या माहेरी सगळेच असे, शकुनाला शिंकणारे.

१७ फेब्रुवारी, सोमवार
विचित्र इंटरव्ह्यू. दार उघडं ठेवलं होतं, बाहेर गार्ड.

हेदरने विचारलं, झोप लागते का? म्हटलं, चहातली साखर बंद केल्यापासून चिडचिड होते. घरी बंदूक आहे का? मी मोघम बोलत नाही. म्हटलं, आजच्या तारखेपर्यंत नाही. ऑफिसमध्ये कुणावर राग आहे का? हा नेतृत्वगुणांचा प्रश्न. प्रामाणिकपणे नावं सांगितली, प्रत्येकाची कारणं देऊन. देवांगचं सांगायला वेळ लागला. तो पाणी पीत होता. गार्डच्या जेवणाची वेळ कशाला हवी होती? म्हटलं, त्या वेळात कुणीही आत येऊन काहीही करू शकतं, हे तुम्हाला कसं सुचलं नाही!

शेवटी हेदर म्हणाली, काही दिवस घरी राहा, विश्रांती घे. नव्या जबाबदारीआधी योग्यच. लॅपटॉप ठेवून घेतला, बहुधा वरच्या पदाला नवा देतात. पेढ्यांना कुणी हात लावला नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
ऑफिसचं ईमेल उघडत नाही. हेल्पडेस्क म्हणतो, एचआरशी बोला. एचआर फोन उचलत नाही.

नीना समोर येऊन बसली. म्हणाली, अहो, त्यांना वाटतंय तुम्हीच पिस्तूल घेऊन जाणार आहात.

मी हसलो. मी! कुणी सुतळी बॉम्ब पेटवला की घरात पळणारा माणूस! नीना हसली नाही. पाठवलेल्या ईमेलची मी फाइलला लावलेली प्रत काढून तिने ती मला मोठ्याने वाचायला लावली. अर्ध्यावर थांबलो.

खुलासा लिहिला. विषय: मी धोकादायक नाही. नीना म्हणाली, पाया पडते, हा नका पाठवू, आधी कुणा वकिलाला विचारू. खासगी ईमेलवरून पाठवला. काईलचा पंप, चहाडी न करण्याचं तत्त्व, सगळं सविस्तर. 'आजच्या तारखेपर्यंत' हे मात्र तसंच ठेवलं. उद्याचं मी आज कसं लिहून देऊ?

२० फेब्रुवारी, गुरुवार
हेदरचा फोन. पाच मिनिटं. नोकरी संपली. नीना शेजारी उभी होती, तिने स्पीकर बंद केला. टेस्ट लीड कोण झालं ते मी विचारलं. हेदर म्हणाली, काईल.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
सामान आणायला गेलो. नीनाने गाडी चालवली. रोज मी पार्किंगच्या बाजूच्या दाराने जातो. बॅज लावला, लाल दिवा. म्हणून समोरच्या दाराशी गेलो, इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

काचेवर हातभर चित्र. पिस्तूल, त्यावर लाल काट. खाली ठळक अक्षरांत: परवाना असला तरी या आवारात शस्त्रास मनाई.

गार्डला विचारलं, हे कधी लावलं? म्हणाला, बिल्डिंग उघडली तेव्हाच. तुम्ही आत येऊ नका, सर, इथेच थांबा. मग तोच खोकं घेऊन आला. चहाचा मग, चार्जर, घरची चप्पल. काईलने वर एक चिठ्ठी ठेवली होती, टेक केअर मॅन. कॉमा नाही.

गाडीत बसलो. नीनाने गाडी सुरू केली. सिग्नलपाशी ती म्हणाली, पट्टा लावा.

लावला.