किकला बांधलेला कॉक

रविवार, २८ सप्टेंबर, मुरुड (लातूर)

अण्णांच्या जुन्या बीएसए मोटरसायकलच्या इंजिनखालचा बोल्ट उघडला – तेलच तेल! तेलाच्या टाकीतलं निम्मं इंजिनच्या पोटात. गाडी उभी राहिली की पंपातून झिरपत खाली उतरतं, हे तिचं जुनं दुखणं. मागच्या महिन्यात मी तशीच चालू केली तर गल्लीभर निळा धूर. शेजारच्या नागाबाई अण्णांना म्हणाल्या, "हणमंतराव, डासाची फवारणी करायलाव का?"

अण्णा म्हणतात, "रोज चालू करतो की मी." मग इतकं तेल उतरलं कसं? पंपच गेला असणार.

नवा पंप मिळेपर्यंत टाकीच्या नळीवर कॉक, म्हणजे छोटी तोटी, बसवला. उभ्या गाडीचा कॉक बंद. पण बंद कॉकवर कुणी गाडी चालू केली, तर इंजिनला तेल नाही – जाम! आजोबांकडून अण्णांकडे आलेली गाडी, तिला दुसरं इंजिन कुठून आणायचं? इतक्या जुन्या गाडीला चावीही नाही, काढून लपवायला. म्हणून किक आणि कॉक सुतळीने एकत्र बांधले. गाठ सोडल्याशिवाय किक बसणार नाही.

अण्णा हसले. "बैलाला बी एवढं बांधत न्हाईत."

सोमवार, नांदेड

बसभर तोच विचार. गाठ सोडली आणि कॉक तसाच राहिला तर? पान्यांचे नंबर मी शाळेत जायच्या आधी अण्णांकडूनच शिकले, त्यांना मी काय सांगणार. तरी दोनदा फोन केला.

गुरुवार, दसरा

दवाखान्याच्या लॅबमध्ये ड्युटी. दुपारी फोनवर अण्णांचा आवाज एकदम खुशीत. "पूजा झाली. एका किकमधी लागली. लातूरला जाऊन आलो."

"कॉक?"

"हाव गं बाई, उघडला!"

चार दिवसांत आज नीट जेवले.

रविवार, ५ ऑक्टोबर, मुरुड

गाडीला झेंडूचा हार. वाकून पाहिलं – सुतळी तशीच. माझीच गाठ. कॉक बंद.

म्हणजे किक मारलीच नाही. इंजिन वाचलं – खरं सांगायचं तर आधी तेच वाटलं, आणि हायसं झालं. मग अण्णांकडे पाहिलं. ते हार सारखा करत होते.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. गुडघ्यात दम न्हाई राहिला. तुला सांगितलं तर म्हणली असतीस, इकून टाका."

म्हणाले असते. बहुतेक.

पंपाला काही झालेलंच नाही. गाडी नुसती उभी होती.

गाठ सोडली, कॉक उघडला, इंजिनच्या पोटात उरलेलं थोडं तेल काढलं. मला किक मारू देतात, चालवू कधी दिली नाही. आज गाडी चालू झाली आणि अण्णांनी खांद्यावरच्या टॉवेलनं मागची सीट पुसली. पुसून स्वतःच तिच्यावर बसले. लातूर रोडला लागलो, पुढे मी. मग पाठीमागून – "गियर टाक की. भ्याची काय गरज?"

बुधवार, नांदेड

अण्णांचा फोन. "तुझा कॉक काढून टाकला, गाडी आता उभी कुठं राहतीय. नळी होती तशी जोडली. रविवारी लवकर ये, निलंग्याला जाऊ."