शेवटच्या शॉटच्या टाळ्या

लॉस एंजेलिस, नोव्हेंबर १९६१

प्रिय आई,

तुझा गुडघा कसा आहे? व्हर्नाताई लाकडं फोडून देते ना? माझं जेवणखाण वेळेवर आहे, उगाच काळजी करत बसू नकोस.

काउबॉयच्या मालिकेतलं माझं दुकानदाराचं काम काल संपलं. संपणार आहे, असं आधी कुणी बोललंच नव्हतं. शॉट झाला आणि सगळे टाळ्या वाजवायला लागले. मला वाटलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आपलं काम आवडलं यांना! छातीवर हात ठेवून वाकलोसुद्धा. तेव्हा दिवे लावणारा गस जवळ येऊन हळूच म्हणाला, "अरे डेल्बर्ट, नटाचा शेवटचा शॉट झाला की टाळ्या वाजवतात. विसरलास होय?" दुसऱ्यांसाठी मीच किती वेळा वाजवल्या आहेत.

मी पडद्यावर मरायला लागलो की तू टीव्ही बंद करतेस. या खेपेला खुशाल बघ, मी मरत नाही. गोदामातून पीठ आणायला जातो, एवढंच.

पुढच्या भागाची संहिता मी वाचली. दुकानात दुसराच माणूस उभा आहे, आणि आधीचा कुठे गेला, असं गावात कुणीच विचारत नाही.

तू विचारत जा, आई.

तुझा
डेल्बर्ट