विजेच्या पंपाची चाचणी

पुणे, २ सप्टेंबर १९७६

तीर्थरूप बाबांले देवमनचा जय भीम.

मी बरा हावो. आईचा दमा कमी झाला काय?

आमच्या कारखान्यातल्या नव्या रोटरी इंजनाले जास्तीची हवा घ्यायले बाजूनं दोन तोंडं हायेत. ते इंजनाच्याच धुराच्या दाबानं उघडत, पण उशिरा. इंजन गुदमरे. मी साहेबाले म्हटलं, "विजेच्या पंपाच्या हवेनं उघडून पाहू."

"करून बघ," साहेब म्हणाले.

मंगळवारी तोंडं वेळेवर उघडली, इंजन जोरात पळालं. मंग पंपाची नळी सुटून माह्या उजव्या डोळ्याले लागली. पट्टी डॉक्टर सोमवारी काढतीन. दिसते का, ते तवाच समजीन. चाचणीच्या अहवालात साहेबानं युक्ती माही म्हणून माहं नाव लिवलं.

आईले पत्र वाचून दाखवसान, तवा इंजन पळालं तिथंच थांबजा.

तुमचा,
देवमन